दुसऱ्याला बनवता येईल असं हार्डवेअर: पहिला ओपन सोर्स प्रकल्प कसा प्रसिद्ध करावा

सर्किट बनवून झालं, चाललं, आणि आता ते सगळ्यांसाठी खुलं करायचं आहे. इथे बहुतेक जण एक झिप फाईल तयार करतात, त्यात गर्बर फायली (पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, छापण्यासाठीचे आराखडे) आणि फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमध्ये चालणारा कोड) टाकतात, वर 'ओपन सोर्स' असं लिहितात आणि मोकळे होतात. हेतू चांगलाच असतो. पण त्या झिपवरून एखाद्या अनोळखी माणसाला तोच बोर्ड बनवता येईल का? आणि बनवलाच, तर त्यात हवा तो बदल करता येईल का? बहुतेक वेळा नाही. सॉफ्टवेअरचा कोड हाती आला की निदान तो चालवून बघता येतो. हार्डवेअरमध्ये फाईल आणि वस्तू यांच्या मध्ये सुटे भाग मागवणं, सोल्डरिंग, जोडणी, चाचणी असा सगळा पसारा असतो. त्यातली बरीचशी माहिती मूळ बनवणाऱ्याच्या डोक्यातच राहून जाते.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणादाखल एक साधा बोर्ड धरू. यूएसबी-सीवर चालणारा, तापमान आणि आर्द्रता मोजून वायफायवरून पाठवणारा. त्यावर एक ईएसपी३२ मॉड्यूल (वायफाय असलेली, प्रोग्रॅम चालवणारी चिप), एक सेन्सर, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर (यूएसबीचे ५ व्होल्ट उतरवून देणारा भाग) आणि मूठभर रेझिस्टर-कॅपॅसिटर.

पायरी १: 'खुलं' म्हणजे नेमकं किती, ते समजून घ्या

ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. सॉफ्टवेअरची व्याख्या आधीपासून होती, तिच्यावरूनच ती बेतली आहे. डिझाइन कोणालाही अभ्यासता यावं, बदलता यावं, वाटता यावं, त्यावरून वस्तू बनवता यावी आणि ती विकताही यावी, असं ती सांगते. बहुतेकांचं अडतं ते शेवटच्या मुद्द्यावर. 'वापरा, पण विकू नका' ही अट घालावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण ती घातली की या व्याख्येप्रमाणे प्रकल्प ओपन सोर्स राहत नाही.

माझं मत विचाराल तर ही अट तुमचंच नुकसान करते. सोल्डरिंग न येणाऱ्या माणसापर्यंत तुमचा बोर्ड पोहोचवणार कोण? चार पैसे सुटतात म्हणून पन्नास बोर्ड तयार करून विकणाराच ना! घरगुती थ्रीडी प्रिंटरचं असंच झालं. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकेल असं यंत्र, आणि त्याचं सगळं डिझाइन खुलं. २००९ मध्ये वितळलेलं प्लास्टिक थरावर थर रचण्याच्या पद्धतीवरचं मूळ पेटंट संपलं आणि त्या डिझाइनवरून किट आणि तयार यंत्रं बनवून विकणारे छोटे व्यावसायिक पुढे आले. विकायला बंदी असती तर हे यंत्र हौशी मंडळींच्या टेबलाबाहेर फारसं गेलं नसतं.

पायरी २: आधी दुसऱ्याचा प्रकल्प बनवून बघा

स्वतःचं प्रसिद्ध करण्याआधी एखादा छोटा खुला बोर्ड निवडा आणि फक्त दिलेल्या कागदपत्रांवरून तो बनवा. कुठे अडलं ते जवळच्या वहीत लिहीत जा: कोणता भाग मिळाला नाही, कोणत्या चित्रात डायोडची दिशा कळली नाही, फर्मवेअर चढवताना कोणती गोष्ट गृहीत धरली होती. तुमच्या स्वतःच्या कागदपत्रांत काय हवं, याची याहून चांगली यादी कुठे आयती मिळणार नाही.

पायरी ३: सगळ्यांना उघडता येतील अशी साधनं घ्या

सर्किट आणि पीसीबीसाठी किकॅड, यांत्रिक भागांसाठी फ्रीकॅड किंवा ओपनएससीएडी. तिन्ही फुकट आहेत, तिन्ही खुली आहेत. किकॅडची सुरुवात ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये केली. पुढे सर्न या अणुसंशोधन संस्थेतल्या अभियंत्यांनीही त्यात भर घातली, आणि आज गंभीर व्यावसायिक कामही त्यात होतं. त्याच्या फायली साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. त्यामुळे गिटमध्ये (फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवल्या की कोणत्या तारखेला कोणता रेझिस्टर बदलला ते दिसतं.

महागड्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केलं असेल तरी प्रसिद्ध करा, नाही असं नाही. फक्त सोबत स्कीमॅटिकची (सर्किटच्या जोडणीचं चित्र) पीडीएफ आणि यांत्रिक भागांची स्टेप फाईल (बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) जोडा, म्हणजे ते सॉफ्टवेअर नसणाऱ्याला निदान वाचता तरी येईल.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. गर्बर म्हणजे सोर्स नाही. गर्बर हा पीसीबी छापणाऱ्या कारखान्यासाठी काढलेला शेवटचा आराखडा असतो. त्यावरून बोर्ड छापता येतो, पण एक ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) सरकवायचा म्हटलं तर हात बांधलेले. थ्रीडी प्रिंटच्या एसटीएल फायलींचंही तेच. व्याख्येतही हे स्पष्ट आहे: बदल करायला सोयीची असलेली मूळ फाईल द्यायलाच हवी, मधल्या अवस्थेतली फाईल तिच्या जागी चालत नाही. गर्बर आणि एसटीएल जरूर द्या, सोय म्हणून. सोबत मूळ फाईल हवीच.

पायरी ४: स्कीमॅटिकवर कारणं लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात. स्कीमॅटिक पाहून कोणता भाग कशाला जोडलाय ते कळतं. तो तिथे का आहे, तोच का आहे, हे कळत नाही. आणि बदल करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आपल्या बोर्डावरचं यूएसबी-सीचं सॉकेट घ्या. त्याच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असतो. 'मला वीज हवी आहे' हे चार्जरला त्यावरूनच कळतं. ते नसले आणि केबल जुन्या आयताकृती यूएसबीकडून सीकडे येणारी असली, तर बोर्ड मजेत चालतो. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की मात्र ढिम्म! चार्जर व्होल्टेजच सोडत नाही. आता जागा वाचवण्यासाठी दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर लावला तर? साध्या केबलवर तेही चालतं. पण जास्त करंटच्या केबलींमध्ये स्वतःची ओळख सांगणारी चिप असते, आणि तिच्यामुळे दुसऱ्या सीसी पिनवर साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर येतो. मग चार्जरची समजूत होते की समोर ऑडिओ अडॅप्टर जोडलाय, आणि तो वीज देत नाही.

हे काही पुस्तकी उदाहरण नाही. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या बोर्डांत नेमका हाच दोष होता. तो बोर्ड ओपन सोर्स हार्डवेअर नाही, पण त्याचं त्रोटक स्कीमॅटिक प्रसिद्ध झालं होतं. ते वाचून बाहेरच्या एका जाणकाराने कारण शोधून काढलं आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. नुसतं स्कीमॅटिक बाहेर आल्याने एवढं झालं. ते दिसलं नसतं तर लोक केबलीच बदलत बसले असते.

म्हणून स्कीमॅटिकवर त्या रेझिस्टरांशेजारी एक ओळ टाका: 'दोन्ही वेगळेच ठेवा, एकत्र केल्यास ओळख-चिपच्या केबलवर बोर्ड सुरू होत नाही.' बस्स. दहा-पंधरा सेकंदांचं काम.

दुसरं उदाहरण सेन्सरचं. तापमानाचा सेन्सर आणि गरम होणारा रेग्युलेटर एकाच बोर्डावर असले की उष्णता तांब्यातून सेन्सरपर्यंत जाते आणि आकडा खऱ्या तापमानापेक्षा वर दिसतो. यावर उपाय म्हणून जाणकार सेन्सरभोवती पीसीबीत फट पाडतात आणि त्याच्याखालचं ग्राउंडचं तांबं काढून टाकतात. कारण कुठेच लिहिलेलं नसेल तर पुढचा माणूस म्हणतो, 'ही फट कशाला? बोर्ड कमकुवत होतो,' आणि बुजवून मोकळा. नंतर तो सेन्सरलाच शिव्या घालतो. हेही एका वाक्यात सांगता आलं असतं.

कारण माहीत नसेल तर तसंही लिहा. 'हा कॅपॅसिटर डेटाशीटच्या (उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या) नमुना सर्किटमधून जसाच्या तसा घेतला आहे' ही फार उपयोगी टीप असते. इथे हात घालायला वाव आहे, हे वाचणाऱ्याला तिच्यावरून कळतं.

पायरी ५: सुट्या भागांची यादी नीट करा

या यादीला सगळे बॉम म्हणतात. 'कॅपॅसिटर, १० मायक्रोफॅरड' एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक ओळीत उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर, पॅकेजचा आकार, व्होल्टेज, सहनशीलतेची टक्केवारी (टॉलरन्स) आणि बोर्डावर त्या भागाशेजारी छापलेलं नाव हवं. शिवाय अजून एक रकाना ठेवा, 'बदलता येईल का?'

त्या रकान्याचं महत्त्व रेग्युलेटरच्या उदाहरणाने पटेल. आपल्या बोर्डावर ५ चे ३.३ व्होल्ट करायला एलएम१११७ वापरला आहे असं समजा. त्याच्या डेटाशीटप्रमाणे आउटपुटच्या कॅपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे त्याचा आतला रोध, ०.३ ते २२ ओहमच्या दरम्यान असायला हवा. टँटॅलम कॅपॅसिटर सहसा त्यात बसतो. सिरॅमिकचा ईएसआर काही मिलिओहम, म्हणजे खूपच कमी. आता बनवणाऱ्याला टँटॅलम मिळाला नाही आणि त्याने 'तेवढ्याच मायक्रोफॅरडचा' सिरॅमिक लावला, तर रेग्युलेटर डोलायला लागू शकतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज भराभर वरखाली होऊ लागतं. मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट अगदी व्यवस्थित दिसतात, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. बोर्ड मात्र मधूनच आपोआप रीसेट होतो, आणि माणूस फर्मवेअरमधली चूक शोधत रात्री घालवतो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) असेल त्यालाच खरं कारण दिसणार. तुमच्या यादीत त्या ओळीपुढे 'टँटॅलमच, सिरॅमिक चालणार नाही' असं असतं तर हा प्रकार टळला असता.

उलट बाजूने, एलईडीचा रेझिस्टर ४७० ओहमचा असो की १ किलोओहमचा, उजेडात थोडा फरक पडण्यापलीकडे काही बिघडत नाही. तेही लिहा. नाहीतर प्रामाणिक माणूस नेमका ४७० मिळेपर्यंत अडून राहतो.

यादी साध्या सीएसव्ही फाईलमध्ये ठेवा. किकॅडसाठी इंटरॅक्टिव्ह बॉम नावाचं प्लगइन आहे, तेही वापरा. त्यातून एक वेबपान तयार होतं; यादीतल्या भागावर क्लिक केलं की बोर्डावरची त्याची जागा उजळते. हाताने सोल्डर करणाऱ्याला याच्याएवढी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही.

पायरी ६: जोडणी आणि चाचणीच्या सूचना

सूचना लिहिताना क्रम पाळा: बुटके भाग आधी, उंच कनेक्टर शेवटी. डायोड, एलईडी आणि टँटॅलम कॅपॅसिटर यांच्या दिशेचा जवळून काढलेला फोटो द्या. टँटॅलमवरची पट्टी धन बाजू दाखवते, ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण बाजू. भलेभले इथे फसतात, आणि उलटा लावलेला टँटॅलम पेटही घेतो.

त्यानंतर चाचणी. वीज लावण्याआधी मल्टिमीटरने ३.३ व्होल्टची रेषा आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायला सांगा. तो शून्याच्या आसपास आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. मग वीज लावून कोणत्या टेस्ट पॉइंटवर (मोजण्यासाठी बोर्डावर मुद्दाम ठेवलेली जागा) किती व्होल्टेज यायला हवं, ते तक्त्यात द्या. आकडा चुकला तर पहिल्यांदा कुठे बघायचं, तेही त्याच ओळीत. बोर्डावर टेस्ट पॉइंटच ठेवले नसतील तर पुढच्या आवृत्तीत ठेवा. फार जागा लागत नाही.

हे सगळं झालं की एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सुटे भाग आणि कागदपत्रं द्या आणि समोर बसून बोर्ड बनवायला सांगा. अट एकच, तुम्ही तोंड उघडायचं नाही. हे वाटतं त्याहून अवघड आहे. 'अगं, तो नाही, त्याच्या शेजारचा' हे शब्द ओठांवर येतील तेव्हा ते गिळा आणि सूचनांत काय राहिलं ते लिहून घ्या.

घरातल्या मुख्य विजेवर चालणारं किंवा लिथियम बॅटरी चार्ज करणारं काही असेल तर धोक्याची सूचना अगदी वर, ठळक लिहा. पहिल्या प्रकल्पासाठी तर ही दोन्ही प्रकरणं टाळलेलीच बरी.

पायरी ७: परवाना निवडा

कॉपीराइट लागू होतो तो रेखाचित्रांना, मजकुराला, कोडला. सर्किट ज्या तत्त्वावर चालतं ते तत्त्व किंवा बनलेली वस्तू कॉपीराइटमध्ये सहसा येत नाही. तो पेटंटचा प्रांत. त्यामुळे सॉफ्टवेअरचा परवाना हार्डवेअरला चिकटवला की तो काही ठिकाणी सैल बसतो. हे ओळखून सर्नने २०११ मध्ये खास हार्डवेअरसाठी परवाना काढला. त्याची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली आणि ती तीन प्रकारांत आहे. एस प्रकारात बदल करून बनवलेली वस्तू इतरांना दिली की ते बदलही त्याच परवान्याखाली खुले करावे लागतात. डब्ल्यू प्रकारात ही सक्ती तुमच्या डिझाइनच्या भागापुरती असते, त्याला जोडलेल्या बाकी यंत्रणेवर नाही. पी प्रकारात अशी सक्तीच नाही. श्रेय आणि सूचना तेवढ्या जपायच्या.

गोंधळ नको असेल तर अशी विभागणी करा: हार्डवेअरला सर्नच्या तिघांपैकी एक, फर्मवेअरला एमआयटी किंवा जीपीएल हा सॉफ्टवेअरचा परवाना, मजकुराला आणि फोटोंना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देणारा परवाना. प्रत्येक फोल्डरमध्ये परवान्याची पूर्ण प्रत ठेवा आणि स्कीमॅटिकच्या कोपऱ्यातही त्याचं नाव टाका, कारण फायली एकमेकींपासून सुटतात. परवाना न लिहिता नुसत्या फायली ठेवल्या तर त्या 'सगळ्यांच्या' होत नाहीत, उलट कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि सावध माणूस त्यांना हात लावत नाही.

नावाचं वेगळं असतं. अर्दुइनो या लोकप्रिय मायक्रोकंट्रोलर बोर्डांचं बघा. त्याचे मूळ बोर्ड खुले आहेत, त्यांच्या नकला करणं कायदेशीर आहे. पण 'अर्दुइनो' हा ट्रेडमार्क आहे, तो नकलेवर छापता येत नाही. म्हणूनच फ्रीदुइनोसारखी नावं निघाली. तुमच्या बोर्डाला नाव द्यायचं असेल तर ते कोणी, कसं वापरायचं हे रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख करून देणारी पहिली फाईल) दोन ओळींत सांगून टाका.

पायरी ८: प्रसिद्ध करा

एक गिट रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फायलींचं एकच कोठार. हार्डवेअर, फर्मवेअर, यांत्रिक भाग, कागदपत्रं असे वेगळे फोल्डर. रीडमीच्या सुरुवातीलाच हे काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि चालतं का, ते लिहा. आवृत्तीचा क्रमांक पीसीबीवर छापलेला असावा आणि रेपॉझिटरीत त्याच क्रमांकाचा टॅग (त्या वेळच्या फायलींवरची खूण) असावा. सहा महिन्यांनी कोणी 'माझा बोर्ड चालत नाही' म्हणून आलं की पहिला प्रश्न 'कोणती आवृत्ती?' हाच असतो.

२०१२ मध्ये स्थापन झालेली ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन २०१६ पासून प्रमाणपत्र देते. ते घेणं सक्तीचं नाही आणि त्याला पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतःच घोषणा करायची, मग प्रकल्पाला देशाच्या संकेताक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण त्याच्यासाठी प्रसिद्धी लांबवू नका.

'अजून नीटनेटकं करतो, मग टाकतो' म्हणत लांबवलेले प्रकल्प बहुतेक कधीच बाहेर येत नाहीत. बोर्ड चालतोय ना? मग माहीत असलेल्या उणिवांची यादी जोडा आणि टाका.

पायरी ९: नंतरची उठाठेव

'चुका' नावाची एक फाईल ठेवा. आवृत्ती, दोष, तात्पुरता उपाय, कायमची दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत, एवढे चार रकाने पुरतात. '१.० वर सेन्सरच्या एसडीए आणि एससीएल रेषांवर पुल-अप नाहीत, दोन्हींवर ४.७ किलोओहम ३.३ व्होल्टला जोडा, १.१ मध्ये दुरुस्त' अशी एक नोंद (एसडीए, एससीएल या सेन्सरशी बोलणाऱ्या रेषा, पुल-अप म्हणजे त्यांना वर धरणारा रेझिस्टर) वाचून आधीचे बोर्ड फेकून न देता सुधारता येतात.

लोक विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं एकेकट्याला निरोपातून देत बसू नका. उत्तर कागदपत्रात घाला आणि तिथे बोट दाखवा. कोणी बदल सुचवला आणि तो तुम्हाला पटला नाही तर का पटला नाही ते लिहा. तो माणूस वेगळी शाखा (प्रकल्पाची स्वतःची प्रत) काढून करून बघेल, आणि कदाचित तोच बरोबर ठरेल.

कोणी तुमचा बोर्ड बनवून विकायला लागला तर आधी परवाना पाळला आहे का ते बघा: श्रेय दिलंय का, एस किंवा डब्ल्यू प्रकार असेल तर बदललेल्या फायली खुल्या केल्यात का. पाळला नसेल तर साध्या शब्दांत कळवा. बरेचदा तो अज्ञानातून झालेला प्रकार असतो. पाळला असेल तर तक्रारीला जागाच नाही, उलट त्याच्या ग्राहकांकडून येणाऱ्या दोषांच्या नोंदी तुमच्या 'चुका' फाईलच्या कामी येतील.

पुढे कधी वेळ मिळेनासा झाला, तर रीडमीच्या पहिल्याच ओळीत 'या प्रकल्पाची देखभाल आता होत नाही' असं लिहा आणि ज्या शाखेवर काम चालू आहे तिचा दुवा खाली द्या.